ऊर्जानगरच्या उन्हात पॅशन फ्रूटची वेल

चंद्रपूरहून ताडोब्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर ऊर्जानगरची वसाहत लागते. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रातील अधिकारी व कर्मचाऱ्यांसाठी वसलेल्या या वसाहतीत घरापुढे किंवा घरामागे थोडीफार मोकळी जागा असते. झाडीपट्टीत अशा घरामागच्या जागेला सांदवाडी म्हणतात. तेथे कारले, दोडका, वाल यांचे वेल पावसाळ्यात मांडवावर चढतात आणि हिवाळा सरताना वाळून जातात. याच मांडवावर चार-पाच वर्षे टिकणारी, देखणी फुले आणि सुवासिक फळे देणारी एखादी वेल असावी, असे वाटणाऱ्यांचे लक्ष अलीकडे पॅशन फ्रूटकडे वळू लागले आहे.

तथापि ही वेल मुळात थंड, दमट डोंगराळ प्रदेशाची आहे. भारतात तिची लागवड प्रामुख्याने कर्नाटकातील कोडगू, तमिळनाडूतील निलगिरी, केरळमधील वायनाड आणि ईशान्येकडील मणिपूर, नागालँड व मिझोराम या राज्यांत होते. चंद्रपूरचा पारा मे २०१९ मध्ये ४८ अंश सेल्सिअसपर्यंत गेला होता. त्यामुळे कोडगूच्या पुस्तकी सूचना येथे जशाच्या तशा पाळल्यास वेल जगण्याची शक्यता कमी. मात्र तिचे वर्षभराचे वेळापत्रक येथील ऋतुमानाप्रमाणे बदलून घेतले, तर घरापुरती फळे मिळणे अशक्य नाही. उन्हाळ्यात वेल केवळ जगवायची, पावसाळ्यात वाढवायची आणि पाऊस ओसरल्यावर तिच्याकडून फळांची अपेक्षा करायची, हे या वेळापत्रकाचे सार होय.

कृष्णकमळाची बहीण

पॅशन फ्रूटचे नाव परके असले तरी त्याचे कुळ मराठी घरांना अनोळखी नाही. कुंपणावर चढणारे निळे-जांभळे कृष्णकमळ याच पॅसिफ्लोरा कुळातील आहे. कृष्णकमळाच्या फुलातील तंतूंचे वलय म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर म्हणजे पाच पांडव आणि वरची तीन टोके म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश अशी कल्पना आपल्याकडे रूढ आहे. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी याच रचनेत येशूच्या अंगावरील पाच जखमा, तीन खिळे आणि काटेरी मुकुट पाहिला. येशूच्या यातनांना युरोपीय भाषांत जो शब्द आहे, त्यावरूनच या फुलाला ‘पॅशन’ हे नाव पडले. मराठीत काही जण या फळाला कृष्णफळ म्हणतात, ते या नात्यामुळेच.

कुळ एक असले तरी रोपे घेताना गफलत होऊ देऊ नये. रोपवाटिकांत शोभेसाठी विकली जाणारी कृष्णकमळाची वेल बहुधा फळे देत नाही किंवा दिली तरी ती खाण्याजोगी नसतात. खाण्याच्या फळाची वेल निराळी असून तिचे शास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा एड्युलिस असे आहे. तिची पाने तीन भागांत विभागलेली, तुकतुकीत हिरवी व दातेरी कडांची असतात आणि फूल पांढरे असून तंतूंचा तळ जांभळा असतो. रस्त्याकडेच्या झुडपांवर चढणारी, जाळीदार आवरणात छोटे पिवळसर फळ असणारी उग्र वासाची एक रानवेलही याच कुळातील आहे. ती सर्वत्र आपोआप पसरते, त्यामुळे बागेत तिला थारा देऊ नये.

जांभळी की पिवळी?

खाण्याच्या पॅशन फ्रूटचे दोन मुख्य प्रकार आहेत. जांभळ्या सालीचा प्रकार दक्षिण ब्राझील, पॅराग्वे व उत्तर अर्जेंटिना या भागातला. त्याचे फळ आकाराने लहान, पण अधिक गोड व सुगंधी असते. या प्रकारात एकाच वेलीच्या परागांनी फळ धरू शकते, म्हणून एक वेल पुरते. मात्र त्याला थंडावा मानवतो आणि उष्ण मैदानी प्रदेशात त्याला फुले कमी येतात. पिवळ्या सालीच्या प्रकारास फ्लॅव्हिकार्पा म्हणतात. त्याची वेल जोमदार असते, फळ मोठे व रस अधिक आंबट असतो. उष्णता तसेच मुळांवरील मर व सूत्रकृमी यांना तो जांभळ्यापेक्षा अधिक दाद देत नाही. चंद्रपूरसारख्या ठिकाणी म्हणूनच पिवळ्या प्रकाराला प्राधान्य द्यावे.

पिवळ्या प्रकारात एक अडचण आहे. त्याच्या फुलाला स्वतःच्याच वेलीचे पराग चालत नाहीत. वेल वर्षानुवर्षे फुलते आणि फळ मात्र एकही धरत नाही, अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते. त्यासाठी दोन भिन्न वेली हव्यात. येथे भिन्न म्हणजे वेगवेगळ्या बियांपासून उगवलेल्या. एकाच वेलीच्या दोन फांद्या लावून केलेली दोन रोपे दिसायला दोन असली तरी मुळात ती एकच वेल असते आणि त्यांचे पराग एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. जागा लहान असल्यास एक वेल आपल्याकडे आणि दुसरी शेजारच्या क्वार्टरमध्ये, अशी वाटणीही करता येते.

दोन्ही प्रकारांचे गुण एकत्र आणण्याच्या हेतूने कोडगू जिल्ह्यातील चेट्टळ्ळी येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने जांभळ्या व पिवळ्या प्रकारांच्या संकरातून ‘कावेरी’ हे वाण तयार केले आहे. खात्रीच्या रोपवाटिकेतून त्याची रोपे मिळाल्यास तीही लावून पाहण्यास हरकत नाही.

ऋतुमान आणि वेलीचे वेळापत्रक

पॅशन फ्रूटच्या फुलोऱ्यावर तीन गोष्टींचा परिणाम होतो: तापमान, दिवसाची लांबी आणि पाऊस. दिवसाचे तापमान तिशीच्या बरेच पुढे गेले की कळ्या गळतात व फुलोरा मंदावतो. दिवस फार लहान झाल्यास पिवळ्या प्रकाराला नवी फुले येत नाहीत. परागांवर पावसाचे थेंब पडले तर ते फुगून फुटतात आणि फूल वाया जाते.

चंद्रपूरच्या पंचांगात या तिन्ही अटी एकत्र बसणारा काळ मोजकाच आहे. मार्च ते मध्य जून हा काळ उष्णतेमुळे बाद होतो. जुलै-ऑगस्टमध्ये वेल झपाट्याने वाढते, पण सततच्या पावसात फुले टिकत नाहीत. डिसेंबर अखेरीस दिवस सुमारे अकरा तासांचा होतो आणि नवी फुले थांबतात. राहतात ते सप्टेंबर, ऑक्टोबर व नोव्हेंबर हे महिने. परागीकरणानंतर फळ पिकण्यास साधारण ७० ते ८० दिवस लागतात आणि थंडीत त्याहून काहीसे अधिक. म्हणजे सप्टेंबरच्या फुलाचे फळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि नोव्हेंबरच्या फुलाचे फळ जानेवारी-फेब्रुवारीत हाती येते. होळीपूर्वी वेल मोकळी होते आणि उन्हाळ्याला तोंड देण्यास तिला फळांचा भार वाहावा लागत नाही.

जागा, माती आणि राख

सकाळचे ऊन पूर्ण मिळेल आणि दुपारनंतरचे ऊन अडेल, अशी जागा सर्वोत्तम. घराच्या पूर्वेची बाजू किंवा पश्चिमेस मोठे झाड असलेली जागा निवडावी. पश्चिमेच्या उघड्या भिंतीलगत वेल लावू नये. एप्रिल-मे महिन्यांत तापलेली भिंत सूर्य मावळल्यानंतरही कित्येक तास उष्णता सोडत राहते आणि वेलीची पाने दोन्ही बाजूंनी भाजून निघतात.

वेलीची मुळे उथळ असतात. बुंध्याशी पाणी साचलेले त्यांना खपत नाही. काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात. अशा मातीत खड्ड्याऐवजी उंचवटा हवा. ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा मुरूम समप्रमाणात मिसळावे, त्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी आणि हे मिश्रण जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच राहील इतके भरावे. दोन वेलींत किमान दोन मीटर अंतर ठेवावे.

ऊर्जानगरमध्ये ‘झाडाला राख घाला’ या जुन्या सल्ल्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. चुलीतील लाकडाची राख थोड्या प्रमाणात घातल्यास वेलीला पालाश मिळते. औष्णिक केंद्रातील कोळशाची राख ही वेगळी वस्तू आहे. शेतीत तिच्या नियंत्रित वापरावर संशोधन झाले असले तरी तिच्यात जड धातूंचे अंश असू शकतात. माती तपासल्याशिवाय आणि जाणकाराच्या सल्ल्याशिवाय खाण्याच्या फळाच्या वाफ्यात ती मिसळू नये. पानांवर बसणाऱ्या कोळशाच्या व राखेच्या धुळीचाही विचार करावा लागतो. धुळीचा थर चढलेल्या पानाला प्रकाश कमी मिळतो आणि त्याच्या आडोशाने कोळीकीड वाढते. पावसाळा संपल्यानंतर आठवड्यातून एकदा सकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारावा. फुले उघडण्याच्या वेळेस मात्र फवारा टाळावा.

मांडव

पॅशन फ्रूटची वेल तणाव्यांच्या आधारे चढते. जोमदार पिवळी वेल एका हंगामात कित्येक मीटर पसरते, त्यामुळे तिला कुंपणाच्या तारेपेक्षा मांडव मानवतो. चंद्रपूर-गडचिरोली हा बांबूचा प्रदेश असल्याने साहित्य शोधण्यास दूर जावे लागत नाही. येथील जंगलात सर्वत्र आढळणारा मानवेल बांबू जाड सालीचा व भरीव असल्याने खांबांस उत्तम. बांबू बाजारातून किंवा बुरुड कारागिरांकडून विकत घ्यावा. जमिनीत जाणाऱ्या टोकास डांबर लावल्यास वाळवीपासून काही काळ संरक्षण मिळते. उंची माणूस सहज उभा राहील इतकी, म्हणजे सुमारे दोन मीटर ठेवावी आणि वर जाड जस्ताच्या तारा किंवा कामट्यांची चौकट बांधावी. क्वार्टर कधीतरी सोडावे लागणार असल्याने भिंतीत खिळे ठोकण्यापेक्षा स्वतंत्र खांबांवरचा, सहज उतरवता येणारा मांडव बरा.

बांबूचा आणखी एक उपयोग आहे. या फुलांचे परागीकरण करणारा मोठा काळा भुंगा वाळलेल्या लाकडात आणि बांबूच्या पोकळीत घर करतो. मांडवाजवळ हाताच्या बोटाएवढी पोकळी असलेले, एक टोक उघडे असलेले वाळके बांबूचे तुकडे बांधून ठेवले, तर भुंग्याला निवारा मिळतो आणि वेलीला कामकरी.

रोप आणि पहिले वर्ष

बियांपासून रोप करणे सोपे आहे. पूर्ण पिकलेल्या फळातील गर दोन-तीन दिवस भांड्यात झाकून आंबवावा, नंतर बिया चोळून धुवाव्यात आणि ताज्याच पेराव्यात. त्या दोन ते चार आठवड्यांत उगवतात. जुन्या, वाळलेल्या बियांना याहून बराच वेळ लागतो आणि त्यातील अनेक उगवत नाहीत. तीन-चार डोळ्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फाट्यांपासूनही रोपे होतात. फाटे लावायचे असतील तर ते दोन वेगळ्या वेलींचे घ्यावेत.

फेब्रुवारीत बी टाकून उन्हाळाभर रोपे सावलीत जपावीत आणि पहिला जोरदार पाऊस होऊन जमीन निवाल्यावर, जुलैच्या उत्तरार्धात ती वाफ्यात लावावीत. प्रत्येक रोपास एका सुतळीच्या आधाराने सरळ मांडवापर्यंत न्यावे. वाटेत बगलेतून निघणारे फुटवे खुडावेत. शेंडा मांडवावर पोहोचला की तो खुडावा, म्हणजे तेथून दोन-तीन मुख्य फांद्या निघतात आणि त्या वेगवेगळ्या दिशांना पसरवता येतात.

पहिल्या हिवाळ्यात तुरळक फुले आल्यास आनंदच मानावा, पण फळांची घाई करू नये. त्या वेलीने पहिला उन्हाळा ओलांडणे महत्त्वाचे. खरा बहर दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर येतो. वेलीचे उत्पादक आयुष्य साधारण चार ते सहा वर्षांचे असते. चौथ्या वर्षापासूनच नवी रोपे तयार ठेवावीत.

उन्हाळा आणि पाण्याचा हिशेब

ऊर्जानगरमध्ये कोणत्याही बागेचा प्रश्न शेवटी पाण्याशी येऊन थांबतो. वीज केंद्र आणि चंद्रपूर शहर ही दोन्ही इरई धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातील साठा आटल्याने केंद्रातील संच बंद ठेवण्याची वेळ आली होती. जेथे वीजनिर्मितीसाठीच पाणी अपुरे पडू शकते, तेथे बागेच्या नळीने मनमुराद पाणी सोडणे योग्य नव्हे. सुदैवाने एक-दोन वेली जगवण्यास लागणारे पाणी घरातल्या घरात मिळवता येते.

तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी वेलीला निर्धास्त घालावे. साबणाचे पाणी टाळावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असते, ते बादलीत साठवून वापरता येते. कूलरच्या टाकीतील पाण्याबाबत मात्र सावध राहावे. विदर्भात घरोघरी चार महिने कूलर चालतो आणि टाकी रिकामी करताना ते पाणी झाडांना घालण्याची पद्धत आहे. परंतु कूलरमधून पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. आठवडाभर वापरलेल्या टाकीतील पाणी बरेच खारट झालेले असते आणि पॅशन फ्रूटच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या तर उन्हाबरोबरच या पाण्याचीही शंका घ्यावी.

पाणी देण्यास मातीच्या मडक्याची जुनी पद्धत या उथळ मुळांच्या वेलीस उत्तम. बुंध्यापासून हातभर अंतरावर न भाजता-रंगवता मिळणारे नव्हे, तर साधे भाजलेले सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे व तोंड झाकावे. पाणी हळूहळू झिरपते, वाफ होऊन जात नाही आणि मुळे मडक्याभोवती गोळा होतात. याशिवाय वाफ्यावर धानाचे तणस किंवा वाळलेल्या पाल्याचा चार बोटे जाड थर पसरावा. थर बुंध्याला चिकटू देऊ नये, अन्यथा बुंधा कुजतो. मार्चअखेरीपासून पहिला पाऊस येईपर्यंत मांडवावर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. भर दुपारी पाने मलूल दिसली तरी लगेच पाणी घालू नये. संध्याकाळी ती पुन्हा ताठ होत असतील तर वेलीला पुरेसे पाणी मिळत आहे. सकाळीही पाने मलूलच असतील, तर बोटाने माती उकरून पाहावी. माती कोरडी असल्यास पाणी वाढवावे. माती ओली असून वेल सुकत असेल, तर मुळे कुजू लागल्याचे ते लक्षण आहे. तेव्हा पाणी कमी करावे.

छाटणी आणि खत

फुले नेहमी नव्या फुटीवर येतात. जुन्या फांद्यांचा गुंता वाढत राहिला तर वेल हिरवीगार दिसते, पण फळे घटतात. फेब्रुवारीत शेवटची फळे उतरल्यावर वाळक्या, रोगट आणि एकमेकांत अडकलेल्या फांद्या काढाव्यात व बाजूच्या फांद्या साधारण एक तृतीयांशाने आखूड कराव्यात. पाने कमी झाल्याने वेलीची उन्हाळ्यातील पाण्याची गरजही कमी होते. मात्र वेल पूर्ण बोडकी करू नये. उघडा पडलेला बुंधा उन्हाने भाजतो आणि जुन्या लाकडातून नवी फूट येईलच अशी खात्री नसते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा हलकी छाटणी करावी, म्हणजे ऑगस्टअखेरीस भरपूर नवी फूट तयार असते.

खत जूनमध्ये आणि ऑगस्टअखेरीस असे दोनदा द्यावे. प्रत्येक वेळी दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरेशी होते. युरियासारख्या नत्रखताचा मारा केल्यास पाने दाट होतात, फुले येत नाहीत. कडक उन्हात कोणतेही खत देऊ नये.

फुले, भुंगे आणि हाताचे काम

जांभळ्या प्रकाराची फुले पहाटे उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. पिवळ्या प्रकाराची फुले माध्यान्हीच्या सुमारास उघडतात व रात्री मिटतात. प्रत्येक फूल एकच दिवस उमलते. त्या काही तासांत पराग पोहोचले नाहीत, तर फूल गळून पडते. फुलाची रचना मोठी असल्याने छोट्या मधमाश्या बहुधा मध व पराग घेऊन जातात, पण त्यांची पाठ वरच्या टोकांना लागत नाही. काळ्या भुंग्याची पाठ नेमकी तेथे घासते.

भुंगे पुरेसे नसल्यास हे काम हाताने करावे. फूल उघडते तेव्हा त्याच्या माथ्यावरील तीन टोके सरळ वर असतात, नंतर तासाभरात ती खाली वाकून पुंकेसरांच्या पातळीस येतात. याच वेळी एका वेलीच्या फुलातील पिवळसर भुकटी मऊ कुंचल्याने किंवा बोटाने घेऊन दुसऱ्या वेलीच्या फुलांच्या तिन्ही टोकांवर लावावी. काही फुलांची टोके शेवटपर्यंत सरळच राहतात, त्यांच्यावर वेळ घालवू नये, कारण त्यांना बहुधा फळ धरत नाही. पिवळ्या प्रकारासाठी दुपारी दोन ते चार ही वेळ सोयीची. पुढील दोन तासांत पाऊस आला नाही, तर फळधारणा होण्याची शक्यता चांगली असते. चार-पाच दिवसांत फुलाच्या जागी हिरवी गोटी दिसू लागते.

या महिन्यांत कीटकनाशकांची फवारणी करू नये. तिने किडीबरोबर भुंगेही मरतात.

कीड आणि रोग

नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले टॉनी कोस्टर नावाचे फुलपाखरू याच कुळातील वेलींवर अंडी घालते. त्याच्या काटेरी अळ्या समूहाने पाने फस्त करतात. मोठ्या वेलीला त्यांचा फारसा त्रास होत नाही. रोप लहान असेल तर अळ्या चिमट्याने वेचून दूर ठेवाव्यात. पिठ्या ढेकूण व मावा दिसल्यास निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी, फुलोरा येण्यापूर्वी करावी. मावा विषाणूरोगही पसरवतो. पाने आकसून चट्टेदार झाली आणि फळे कडक व वेडीवाकडी येऊ लागली, तर ती वेल उपटून टाकणेच श्रेयस्कर. फळमाशीने डंख मारलेली फळे सुरकुततात व गळतात. ती वेचून जमिनीत खोल पुरावीत. पावसाळ्यात वेल अचानक सुकून बुंध्याची साल तपकिरी झाल्यास मर रोगाची शक्यता असते. त्यावर उपाय नाही. त्या जागी पुन्हा हीच वेल लावू नये.

मांडवाखालची जमीन

ऊर्जानगरमध्ये वेल लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. वसाहतीला ताडोबाचे जंगल लागून आहे आणि वाघ, बिबट्या, अस्वल यांचा वावर येथे नवा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार, तर शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा मृत्युमुखी पडला. बिबट्याला दबा धरण्यास फार मोठे जंगल लागत नाही. घरामागचे दाट झुडूप त्याला पुरते.

कुंपणावर मोकाट सोडलेली पॅशन फ्रूटची वेल दोन वर्षांत जमिनीपासून माथ्यापर्यंत हिरवी भिंत उभी करते आणि तिच्या मागचे काहीही दिसत नाही. म्हणून येथे कुंपणाऐवजी मांडवच हवा, तोही घराच्या दारातून पलीकडचे दिसेल असा. कमरेपर्यंतचा बुंधा फुटव्यांविना स्वच्छ ठेवावा, खाली लोंबणाऱ्या फांद्या कापाव्यात आणि मांडवाखाली गवत, पालापाचोळ्याचे ढीग वा अडगळ साठू देऊ नये. सापांच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे. गळलेली फळे रोज उचलावीत. परागीकरण, पाणी व तोडणीची कामे दिवसाउजेडी उरकावीत आणि अंधार पडल्यावर मुलांना मांडवाखाली फळे वेचण्यास पाठवू नये. सूर्यास्तानंतर पाणी द्यायचे झाल्यास आवाराचा दिवा लावून, शक्यतो घरालगतच्या वेलींनाच द्यावे. इतर ठिकाणी पहाट उजाडल्यावरची वेळ पाळावी.

माकडांचा उपद्रव असल्यास फळे रंग बदलू लागताच त्यांवर कापडी पिशव्या बांधता येतात. पाने व कच्ची फळे यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. छाटलेला पाला शेळ्या-गुरांपुढे टाकू नये आणि हिरवे फळ मुलांना चाखू देऊ नये.

फळे आणि त्यांचा उपयोग

पिकलेले फळ आपोआप गळून पडते. वेलीवरून ओढून तोडलेले फळ अनेकदा आंबट निघते. मांडवाखाली जुनी मच्छरदाणी झोळीसारखी बांधली, तर फळे जमिनीवर आपटत नाहीत आणि वाकून वेचावीही लागत नाहीत. फळांचा हंगाम संपला की ती सोडून ठेवावी. गळलेले फळ चार-सहा दिवस घरात ठेवल्यास सालीवर सुरकुत्या पडतात व गोडी वाढते. सुरकुती म्हणजे खराबी नव्हे.

फळ मधोमध कापून गर चमच्याने काढावा. बियांसकट तो खाता येतो. जांभळ्या प्रकारच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. पिवळ्या प्रकारचा आंबट गर सरबतासाठी अधिक चांगला. गर गाळून साखरेचा पाक व चिमूटभर मीठ घातल्यास पन्ह्याच्या जातीचे पेय तयार होते. गाळलेला रस बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला, तर हिवाळ्यात पिकलेली ही फळे मे महिन्यात, कैरीचे पन्हे संपल्यावरही, कामी येतात.

एका-दोन वेलींनी घराची फळांची गरज भागेल, अशी अपेक्षा ठेवू नये. ज्या घरी रोज बादलीभर पाणी वाचवणे शक्य नाही, तेथे दोडक्याचा वेलच बरा. जेथे ते शक्य आहे, तेथे पहिल्या उन्हाळ्यात वेल तगली की निम्मे काम झाले. त्यानंतरचे निम्मे सप्टेंबरच्या एखाद्या कोरड्या दुपारी, कुंचला हाती घेऊन करायचे असते.